दत्तकापूर्वीची चौकशी

उधारीवर माल देण्यापूर्वी आपण समोरच्याची पत पाहतो. त्यात कोणी अपमान मानीत नाही. मग मूल सोपविण्यापूर्वी शासनाने आपली पत पाहिली, तर मन का दुखवावे?

अनाथ किंवा परित्यक्त बालकाच्या दत्तकासाठी २०१५ च्या बाल न्याय कायद्यान्वये ‘कारा’कडे नोंदणी करावी लागते. दांपत्याच्या सहजीवनाची किमान २ वर्षे स्थैर्याने गेलेली असावीत, दोघांची संमती असावी आणि मूल व पालक यांच्या वयांत किमान २५ वर्षांचे अंतर असावे. फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरलेली व्यक्ती पात्र नसते. उत्पन्नाचे व आरोग्याचे दाखले तेवढे पुरत नाहीत; समाजकार्यकर्ते घरी येऊन कुटुंबातील इतरांचेही मन जाणून घेतात. कारण आजी-आजोबांनी परके मानलेले मूल त्या घरात परकेच राहते.

प्रतीक्षा दीर्घ असते. अशा वेळी कोणी मध्यस्थ परस्पर मूल मिळवून देण्याची वाट दाखवितो. ती धरू नये. त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. आणि लळा लागलेले मूल दुरावण्याचे दुःख त्याहून मोठे.

पेढीला वारस हवा, ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु चौकशीला येणारा माणूस वारस शोधीत नसतो; तो एका बालकासाठी घर शोधीत असतो. त्याचे स्वागत मोकळ्या मनाने करावे.