पंगतीपासून पाककृतीपर्यंत

शंभरेक वर्षांपूर्वी कोल्हापुरात 'सत्यसुधारक' नावाचं चहाचं हॉटेल निघालं. मालक गंगाराम कांबळे. राजवाड्याच्या पागेत नोकरीला असताना सवर्णांच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मार बसला होता. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना धंद्यासाठी मदतही केली. पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज आपली गाडी तिथे थांबवत, चहा मागवत आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही पाजत. राजानेच कप तोंडाला लावल्यावर त्यांना नाही म्हणायची सोय उरत नसे.

त्यानंतरचा रोटीव्यवहाराचा इतिहास पाहिला, तर शेजारी कोण जेवतं, रांधतं कोण आणि कुणाच्या चुलीवरचं अन्न पुस्तकात जातं, हे तीन प्रश्न वेगवेगळ्या गतीने पुढे सरकलेले दिसतात.

पहिला त्यातल्या त्यात लवकर हलला. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकर सत्यनारायण सुरू केले. पूजेला दलित जोडपं आणि प्रसादाला झुणका-भाकर. पुढे संविधानाच्या पंधराव्या कलमाने उपाहारगृहांची दारं सर्वांना खुली केली. गावोगावच्या चहाच्या टपरीवरची वेगळी कपबशी मात्र त्यानंतरही बरीच वर्षं टिकली.

रांधणाऱ्या हाताचा प्रश्न अधिक चिवट निघाला. शाळांतल्या माध्यान्ह भोजनासाठी स्वयंपाकी नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्या, असं सर्वोच्च न्यायालयाला २००४ मध्ये सांगावं लागलं. २०१७ मध्ये पुण्यात एका उच्चशिक्षित बाईंनी सोवळ्यातल्या स्वयंपाकाला आलेल्या बाईने जात लपवली, अशी पोलिसांत तक्रार केली. ती स्वयंपाकीण दलितही नव्हती. ब्राह्मण नव्हती, एवढंच कारण पुरेसं ठरलं.

सगळ्यांत उशीर झाला तो पुस्तकांत. मांसाहार छापायला मराठीत संकोच नव्हता. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या 'गृहिणीमित्र'मध्ये पाठारे प्रभूंचं मासे-मटण १९१० मध्येच आलं होतं. १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याच्या मापात घरोघरच्या नव्या सुनांना स्वयंपाक शिकवला. पण गावकुसाबाहेरची चूल आत्मकथनांत दिसली, ती भुकेच्या संदर्भात. पाककृती म्हणून तिच्याकडे पाहायला २००९ उजाडावं लागलं. पुणे विद्यापीठात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दलितांच्या अन्नाच्या आठवणी गोळा केल्या.

मग २०१५ मध्ये शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आलं. मराठवाड्यातल्या महार-मांगांचं खाणं त्यात कृतीसकट आहे. तेल-तूप दुर्मीळ, दूध परवडणारं नाही. अशा घरात चव आणायची कशी, याची तिथे तपशीलवार उत्तरं आहेत. जनावराचा कुठलाही भाग वाया न घालवणं, उरलेल्या मांसाच्या चान्या वाळवून ठेवणं, ही टंचाईतून आलेली हुन्नर आहे.

हे लिहिणं सोपं नव्हतं, आणि त्याचं कारण केवळ सवर्णांची नाकं मुरडणं नव्हे. मेलेल्या जनावराचं मांस सोडा, हे डॉ. आंबेडकरांनी १९२७ मध्ये महाडलाच सांगितलं होतं. स्वाभिमानासाठी जे सोडलं, त्याची कृती लिहायची म्हणजे त्याचा गौरवही करायचा नाही आणि लाजही बाळगायची नाही. त्यातच पुस्तकाच्या वर्षीच राज्यात गोवंश हत्याबंदीचा विस्तारित कायदा लागू झाला आणि पुस्तकातले काही पदार्थ कायद्याच्याच बाहेर गेले. तरी पुस्तक टिकलं. २०२४ मध्ये भूषण कोरगांवकरांनी केलेला इंग्रजी अनुवादही निघाला.

आज शहरांत मालवणी, खानदेशी, आगरी, सावजी अशा पाट्या शेजारी-शेजारी दिसतात आणि खवय्ये त्यालाच वैविध्य म्हणतात. प्रांताची आणि काही जातींचीही चव आपण आवडीने स्वीकारली. गावकुसाबाहेरच्या चुलीची चव अजून पाटीवर यायची आहे, आणि ती आलीच तर गल्ल्यावर कोण बसेल, हाही प्रश्न आहेच. गंगाराम कांबळे स्वतःच्या हॉटेलाचे मालक होते. शंभर वर्षांचा हिशेब त्या मापानेच करावा लागेल.