कागद जुळले की रांग लहान होते

परवा मगरिबच्या अजानला दहा मिनिटं उरली होती. दस्तरखानावर खजूर, फळं, भजी मांडून झाली होती, तेवढ्यात शेजारच्या काकू फाइल घेऊन आल्या. मुलगी जर्मनीत, तिचं बाळंतपण जूनमध्ये. काकूंचा पासपोर्ट अजून काढलेला नाही आणि जवळच्या केंद्रात लवकरची तारीख मिळत नाही. "अगं, आता कसं व्हायचं? तत्काळमध्ये टाकू का?" मी म्हणाले, "काकू, आधी खजूर घ्या, मग फाइल बघू."

इफ्तारनंतर फाइल उघडली. आधारवर लग्नानंतरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, पॅनकार्डवर मधलं नावच नाही. तारीख उद्याची मिळाली असती तरी काम अडलं असतं. हे मला सांगता आलं, कारण आमच्या घरात हे घडून गेलं आहे.

काही वर्षांपूर्वी अम्मी-अब्बांनी हजचा अर्ज भरायचं ठरवलं. हज कमिटीच्या अर्जाला पासपोर्ट शेवटच्या तारखेच्या आत मिळालेला असावा लागतो. अब्बांचा होता, अम्मींचा काढायचा होता. दिवस गर्दीचे. महिनाभराने तारीख मिळाली. काउंटरवर गेल्यावर कळलं, आधारवर 'शेख'चं इंग्रजी स्पेलिंग एक आणि पॅनवर दुसरंच. फाइल थांबली. आधार दुरुस्त करून पुन्हा तारीख घेईपर्यंत हजच्या अर्जाची मुदत संपली. "पुढच्या वर्षी जाऊ," अब्बा म्हणाले. पुढच्या वर्षी अब्बा नव्हते. अम्मी माझ्या भावाबरोबर जाऊन आल्या. अब्बांचा पासपोर्ट आजही कपाटात आहे.

गर्दी होती हे खरंच. पण त्या महिनाभरात आम्ही दोन कागद एकदाही शेजारी ठेवून वाचले नाहीत. नुसतं बसून राहण्यालाच आम्ही सब्र समजत होतो.

पासपोर्टची गर्दी अचानक येत नाही. उमरा-हजचे अर्ज, उन्हाळ्याची सुट्टी, परदेशातले कॉलेज प्रवेश यांच्या आधी ती वाढते. कोविडनंतर तर 2022 च्या अखेरीस काही ठिकाणी शनिवारीही केंद्रं उघडी ठेवावी लागली होती. म्हणून ज्यांच्याकडे पासपोर्ट आहे त्यांनी आजच त्याची मुदत पाहावी. बरेच देश किमान सहा महिने मुदत शिल्लक मागतात. मुदत संपायच्या वर्षभर आधी नव्याने अर्ज करता येतो.

तारीख मिळत नसेल तर दुसरं केंद्र बघा. 2018 पासून देशात कुठेही अर्ज करता येतो, पोलीस तपासणी मात्र अर्जात लिहिलेल्या पत्त्यावरच होते. टपाल कार्यालयातली केंद्रंही आहेत. घेतलेली तारीख वर्षभरात तीनदा बदलता येते, तेव्हा मिळेल ती घ्या आणि अधूनमधून साइट उघडून आधीची रिकामी झाली का ते पाहा. साइट सरकारीच आहे ना, याची खात्री करा. तशाच दिसणाऱ्या नकली साइट पैसे घेऊन गप्प बसतात.

तत्काळला नेहमीच्या 1500 रुपयांवर 2000 जास्त लागतात आणि पोलीस तपासणी सहसा पासपोर्ट हाती आल्यावर होते. पण नावात मोठा बदल असेल तर तत्काळ मिळत नाही. म्हणजे ज्याचे कागद जुळत नाहीत, त्याला पैसे भरूनही घाई करता येत नाही.

आणि नावाचा घोळ कोणा एकाच्या घरचा नाही. आमच्यात मोहम्मदचं कुठे 'मोहंमद', कुठे नुसतं 'मोहद' होतं. तुमच्यात लेक सासरी गेली की मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. आधी पासपोर्ट कोणत्या नावाने हवा ते ठरवा, मग सगळे कागद त्याच अक्षरांत करून घ्या. भाड्याने राहत असाल तर पत्त्याचंही तेच. तपासणीसाठी फोन आला तर उचला आणि त्या दिवशी घरी थांबा. घर बंद दिसलं की फाइल पुन्हा मागे जाते.

काकूंनी दुसऱ्याच दिवशी आधार केंद्र गाठलं. शेजारच्या जिल्ह्यातल्या केंद्रात ईदनंतरची तारीखही मिळाली आहे. व्हिसाची धावपळ त्यापुढे आहेच. काल त्या पुन्हा आल्या, तेव्हा अम्मींनी चष्मा लावून त्यांचे तिन्ही कागद चटईवर ओळीने मांडले आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचले. मग म्हणाल्या, "आता दुआ करते. आधी केली असती तर निम्मीच लागू झाली असती."