‘नळी टाकावी लागेल’ म्हणाले तर घाबरू नका. आधी या ४ गोष्टी सांगा

मण्यार चावलेला, फवारणीचं औषध पोटात गेलेला किंवा मोटारसायकलवरून डोक्यावर पडलेला माणूस दवाखान्यात नेला, की डॉक्टर बऱ्याचदा म्हणतात, "श्वासनलिकेत नळी टाकावी लागेल, इथं सही करा." हे ऐकून नातेवाइकांचे हातपाय गळतात. ‘नळी टाकली म्हणजे माणूस संपला’ असा समज आपल्याकडे पक्का आहे. मग "थांबा, मोठा भाऊ येऊ द्या" सुरू होतं. पण मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, तर साधारण ४ ते ५ मिनिटांत इजा व्हायला लागते.

नळी कशासाठी?

मण्यार किंवा नागाच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. पापण्या उचलत नाहीत, बोलता येत नाही, पण माणूस आतून शुद्धीवर असू शकतो. विष उतरेपर्यंत त्याचा श्वास यंत्राने चालवायचा असतो. वेळेत नळी पडली तर असा पेशंट बरा होऊन स्वतःच्या पायाने घरी येऊ शकतो. कीटकनाशकाच्या विषबाधेत छातीत स्राव भरतो. डोक्याला मार लागून बेशुद्ध झालेल्याची जीभ मागे पडते, उलटी फुफ्फुसात जाऊ शकते. या सगळ्यात नळी वाट मोकळी ठेवते.

भूलतज्ज्ञ काय करतात?

ऑपरेशनला भूल देणं एवढंच त्यांचं काम नाही. श्वासाची वाट सांभाळणं हे त्यांचं मोठं कसब. आधी मास्कने भरपूर ऑक्सिजन देतात. मग गुंगीचं आणि स्नायू सैल करणारं औषध शिरेतून देतात. साधारण मिनिटभरात त्याचा असर होतो. दिवा असलेल्या उपकरणाने जीभ बाजूला करून नळी घालतात आणि ती नीट जागेवर आहे का, हे बाहेर येणाऱ्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून तपासतात. नळी गेलीच नाही, तर मास्क किंवा घशात बसणारं दुसरं साधन वापरतात. तेही जमलं नाही, तर शेवटी गळ्याला समोरून छेद देऊन वाट करतात. ‘गळा कापला’ म्हणून नातेवाईक आरडाओरडा करतात, पण तो जीव वाचवण्यासाठीच असतो.

तुम्ही काय सांगायचं?

१. पेशंटने शेवटचं कधी आणि काय खाल्लं-प्यालं. दारू घेतली असेल तर तीही लपवू नका. पोट भरलेलं असलं की उलटी फुफ्फुसात जायचा धोका जास्त.

२. तोंड किती उघडतं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी खाणारे खातातच. गुटखा-सुपारीने तोंड आखडतं. स्वतःची उभी ३ बोटं तोंडात मावत नसतील, तर नळी टाकणं अवघड जाऊ शकतं. आधी कळलं तर डॉक्टर नाकातून दुर्बिणीने नळी टाकायची तयारी ठेवू शकतात.

३. कवळी आहे का, कुठला दात हलतो का.

४. दमा, औषधाची ॲलर्जी, सुरू असलेल्या गोळ्या. आणि मागच्या ऑपरेशनला नळी टाकताना त्रास झाला होता का.

वाटेत काय करायचं?

१०८ ला फोन लावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, दूध, मीठपाणी काहीही घालू नका. श्वास चालू असेल तर कुशीवर झोपवा. अपघातातला असेल तर मान वळू देऊ नका. डोकं, मान आणि अंग एका रेषेत ठेवा. आणि घरात गुटखा खाणारा कुणी असेल, तर आज रात्री जेवताना त्याला ३ बोटं तोंडात घालून बघायला सांगा. मावली नाहीत तर दवाखान्यात तोंड दाखवून घ्या.