ढाबळीतली पूर्वतयारी

बिदर, कलबुर्गीकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. पत्र्याच्या ढाबळीत तेव्हा अंडी घालू देणं म्हणजे पिलं भाजून काढणंच. म्हणून शर्यतीच्या कबुतरांची जोडी लावायची, तर आधी सावली आणि खेळती हवा पाहायची.

जोडी लावण्याआधी काही आठवडे नर आणि मादी वेगळे ठेवतात. तेवढ्यात ढाबळ खरवडून, धुऊन कोरडी करायची, जंतांचं औषध पशुवैद्याला विचारून द्यायचं. खुराकाची चिंता इथे कमी: ज्वारी, तूर, हरभरा, करडई सगळं शिवारातलंच. सोबत शिंपल्यांचा चुरा हवा, नाहीतर अंड्याचं कवच पातळ राहतं.

जोडी जमली की आठ-दहा दिवसांत पहिलं अंडं बहुधा संध्याकाळी येतं, दुसरं साधारण ४४ तासांनी. दिवसा बराच वेळ नर उबवतो, रात्री मादी. १७-१८ दिवसांनी अंडी फुटून पिलं बाहेर येतात. सुरुवातीला आईबाप दोघंही त्यांना आपल्या गळ्यातलं ‘दूध’ भरवतात.

आठवडाभरात पिलांच्या पायात ओळखीची कडी घालावी लागते. पुढची तीन बोटं एकत्र धरून कडीतून काढायची, मागचं बोट पायाला चिकटवून ती वर सरकवायची, मग ते बोट हळूच सोडवायचं. उशीर झाला की पाय जाड होतो आणि कडी जात नाही.