स्वमग्न मुलाचे ताट : काय वगळावे, काय वगळू नये

मुलाला स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, असल्याचे निदान झाले की आप्तेष्टांकडून सल्ल्यांचा ओघ सुरू होतो. त्यांत एक हमखास असतो : दूध आणि गहू बंद करा.

दुधातील केसीन व गव्हातील ग्लूटेन पुरते न पचता त्यांचे अंश रक्तात उतरतात आणि मेंदूवर अफूसारखा परिणाम करतात, हा तर्क १९८०च्या सुमारास पुढे आला. पुढे त्याची पारखही झाली. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात १४ मुलांना हा आहार देऊन, मधूनमधून कोणाच्याही नकळत गहू व दूध खाऊ घातले गेले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वर्तनात वा लक्षणांत लक्षणीय फरक आढळला नाही. अभ्यास लहान होता. तथापि ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनेही २०१३ मध्ये स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांसाठी असा आहार देऊ नये, असेच सांगितले.

शाकाहारी कुटुंबाने येथे अधिक सावध असावे. आपल्या ताटात ब-१२ जीवनसत्त्वाचा प्रमुख आधार दूधच; कॅल्शियम व प्रथिनेही त्यातूनच मिळतात. शिवाय अशी अनेक मुले मोजकेच पदार्थ खातात. त्यांतलेही वगळले, तर कुपोषणाचे संकट ओढवते.

मग करावे काय? प्रथम पोटाची तपासणी. बद्धकोष्ठता या मुलांत वारंवार आढळते. बोलता न येणारे मूल ती वेदना किंचाळून वा डोके आपटून सांगते. पाणी, फळे, डाळी, भाज्या आणि योग्य औषध यांनी पोट साफ राहिले की चिडचिडही पुष्कळदा ओसरते. गव्हाचा त्रास असल्याची शंका आल्यास गहू बंद करण्यापूर्वीच सीलिअॅक रोगाची रक्ततपासणी करावी. नंतर ती फसवी ठरू शकते. दुधाची अॅलर्जी सिद्ध झाली, तर दूध अवश्य थांबवावे. मात्र ब-१२ व कॅल्शियमची पर्यायी सोय आहारतज्ज्ञाकडून करून घ्यावी.

नवा पदार्थ आवडत्या पदार्थाशेजारी घासभरच ठेवावा. सक्ती करू नये. सूर्यास्तापूर्वी जेवण्याची घरची शिस्त येथे उपयोगी पडते, कारण ठरलेली वेळ या मुलांना आश्वस्त करते. कोणताही बदल एका वेळी एकच करावा आणि तारखेसह वहीत नोंदवावा. म्हणजे लाभ खरा की भास, हे कळते.

आणि आईने स्वतःला दोष देऊ नये. तिने भरवलेल्या दूध-पोळीमुळे मूल स्वमग्न झालेले नाही.