पाचटाच्या माळा, रुईची म्हातारी

ऊसतोड संपली की आमच्या धाराशिवच्या शिवारात सरीसरीतून पाचट पसरलेलं असतं. अजूनही कितीतरी जण त्याला काडी लावून मोकळे होतात. याच पाचटाने एका बेटावरच्या लोकांनी आपला समुद्र सावरला.

25 जुलै 2020 रोजी ‘वाकाशियो’ हे जहाज मॉरिशसच्या प्रवाळात रुतलं. 6 ऑगस्टपासून सुमारे 1,000 टन तेल पाण्यात गेलं. तिथल्या माहेबूर गावाच्या किनाऱ्यावर माणसं आपणहून जमली. त्यांनी वाळलेलं पाचट कापडात ठासून भरलं, तरंगायला रिकाम्या बाटल्या जोडल्या आणि लांबलचक माळा शिवून पाण्यात सोडल्या.

ही युक्ती नवी नाही. 1967 मध्ये ‘टॉरी कॅन्यन’ जहाजाचं तेल हटवायला इंग्लंडने रसायनं फवारली. सागरी जिवांना तेलापेक्षा तीच जास्त बाधली. याउलट 1969 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या किनाऱ्यावर लोकांनी काड पसरून तेल टिपलं. 1989 च्या अलास्कातल्या गळतीत पाणमांजराची फर तेलाने माखलेली पाहून एका अमेरिकन केशकर्तनकाराला कापलेल्या केसांचा उपयोग सुचला.

अशा गोष्टी तेल का टिपतात, ते परातीत दिसतं. पाण्यावर चमचाभर जळकं ऑइल सोडा. मेडिकलमधला कापूस टाका: तो पाणी पिऊन बुडतो, कारण धुताना त्याचं मेण गेलेलं असतं. आता रुईच्या फळातली म्हातारी टाका. ती बुडत नाही. काळा तवंग तिच्याकडे सरकतो आणि भोवतीचं पाणी निवळतं. तिचा तंतू मेणचट आणि आतून पोकळ असतो. वेचलेल्या कच्च्या कापसावरही मेण असतं. टेक्सासमधल्या संशोधकांना 2013 मध्ये आढळलं, की असा कापूस वजनाच्या तीसपट तेल धरतो. त्यातही अपक्व, बाजारात कवडीमोल ठरणारा कापूस सरस.

या उपायाला मर्यादाही आहेत. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-3’ धडकली. शेकडो टन तेल सांडलं, ते खारफुटीपर्यंत पोचलं. एवढ्या तेलाला आधी तरंगते अडसर आणि तेल उपसणारी यंत्रं लागतात. पाचट उरलेला तवंग टिपतं. माखलेलं पाचट वेळेत बाहेर काढलं नाही तर तेलासकट बुडतं. काढल्यावर ते उघड्यावर टाकणं किंवा जाळणं म्हणजे पाण्यातलं विष माती-हवेत पोचवणं.

आपल्या धाराशिवला समुद्र नाही, पण गॅरेजचं काळं ऑइल नाल्यात जातंच आणि नाले नदीला मिळतात. तेरणा नदी तर आपल्याच जिल्ह्यात उगम पावते. प्रत्येक गॅरेजने ऑइल डब्यात साठवून पुनर्वापरासाठी दिलं आणि सांडलेलं टिपायला पाचटाची एक गोणी दारात ठेवली, तर ते नाल्यापर्यंत पोचणारच नाही. पाचट बांधावर पडलेलंच आहे. पहिली गोणी याच हंगामात भरूया.