शाळा महापालिकेची, लेकरे कुणाची?

५ डिसेंबर २०१७ ची रात्र दादरला आलेला एकही भीमसैनिक विसरणार नाही. ओखी चक्रीवादळामुळे ऐन डिसेंबरात मुंबईवर पाऊस कोसळत होता. शिवाजी पार्कच्या मैदानात चिखल झाला होता. महापरिनिर्वाण दिनासाठी गावोगावहून आलेल्या समाजबांधवांना महापालिकेने आसपासच्या शाळा उघडून दिल्या. आम्ही काही कार्यकर्ते अशाच एका शाळेत सेवेला होतो. वर्गातले बाक भिंतीला लावून माणसे सतरंजीवर पाठ टेकत होती. यवतमाळकडचे एक वृद्ध बाबा मात्र भिंतीवरचे तक्ते न्याहाळत बसले होते. त्यांनी विचारले, "भाऊ, येवढी मोठी शाळा! इथं कोनाची लेकरं शिकतात?" आम्ही म्हणालो, "गरिबांची, बाबा. झोपडपट्टीतली." त्यावर बाबांनी लगेच विचारले, "अन् तुमची?"

आम्ही गप्प बसलो. आमची मुले खासगी शाळेत जात होती. आमच्या बरोबरच्या कार्यकर्त्यांपैकी बहुतेकांची तीच गत होती. आमच्यातले अनेकजण स्वतः महापालिकेच्या शाळेत शिकले, तिथून वर आले, नोकरीला लागले, वकील झाले. मात्र वर आल्यावर खाली असलेल्या त्या शाळेकडे आम्ही पुन्हा वळून पाहिले नाही. त्या बाबांचा प्रश्न तेव्हापासून मनात आहे आणि आज तो आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत.

प्रथम हा कारभार काय आहे ते समजून घेऊ. मुंबई महापालिका शाळा चालवते ते उपकार म्हणून नव्हे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात कलम ६१ मध्ये महापालिकेची अनिवार्य कर्तव्ये सांगितली आहेत. पाणी, गटारे, रस्ते यांच्याबरोबर प्राथमिक शाळा चालवणे हेही त्यात आहे. म्हणजे नळाला पाणी आले नाही तर आपण ज्या हक्काने वॉर्ड ऑफिसवर मोर्चा नेतो, त्याच हक्काने वर्गात शिक्षक नाही म्हणूनही मोर्चा नेता येतो. पाण्याचे मोर्चे आपण पुष्कळ पाहिले. शिक्षकासाठी निघालेले मोर्चे किती पाहिले?

या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तामिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांतून चालतात. एकाच इमारतीत सकाळी एका माध्यमाची शाळा आणि दुपारी दुसऱ्या माध्यमाची, हे मुंबईत नित्याचे दृश्य आहे. मुंबईत कोण कोण पोट भरायला आले, त्याचा इतिहास या शाळांच्या पाट्यांवर वाचता येतो. गिरणी कामगार, गोदी कामगार, सफाई कामगार, नाका कामगार या सगळ्यांची लेकरे इथेच अ आ ई शिकली. ज्या बापाने पहाटे शहराचा कचरा उचलला, त्याच्या मुलाने सकाळी याच शाळेत पाटी उचलली. मुंबईतल्या आपल्या समाजाची एक अख्खी शिकलेली पिढी या शाळांची देणगी आहे, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

आता हिशेब पाहू. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात मुंबई महापालिकेने शिक्षणासाठी सुमारे ३,९५५ कोटी रुपये दाखवले. त्या वर्षीचा महापालिकेचा एकूण अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. म्हणजे शंभर रुपयांतले सव्वापाच रुपये. पैसा अगदीच नाही असे कुणी म्हणू नये. २००७ पासून विद्यार्थ्यांना गणवेश, दप्तर, वह्या, बूट अशा २७ वस्तू मोफत देण्याची योजना आली. २०१५ मध्ये आठवीच्या मुलांच्या हाती टॅब आले. २०२०-२१ मध्ये जोगेश्वरीच्या पूनम नगरात सीबीएसईची आणि माहीमच्या वूलन मिल शाळेत आयसीएसईची सुरुवात झाली. २०२१ मध्ये 'मुंबई पब्लिक स्कूल' असे नवे नावही दिले गेले. रंगरंगोटी झाली, पाट्या बदलल्या. या सगळ्याचे स्वागतच केले पाहिजे. गरिबाच्या पोराला चांगला बूट आणि चांगला बाक मिळाला तर कुणाच्या पोटात दुखायचे कारण नाही.

पण शाळेचे माप बुटाने घ्यायचे की मुलाने? हे माप कसे घ्यायचे ते बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिले आहे. १९२७ साली बाबासाहेब मुंबई कायदे मंडळाचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी शिक्षणाच्या अनुदानावर भाषण केले. त्यांनी शाळा किती आणि इमारती किती याचे कौतुक केले नाही. प्राथमिक शाळेत घातलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत अवघी अठरा पोहोचतात आणि उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात, हा आकडा त्यांनी सरकारच्या तोंडावर मांडला. सरकार माणशी शिक्षणावर चौदा आणे खर्च करते आणि अबकारी करातून माणशी दोन रुपयांवर वसूल करते, हेही त्यांनी दाखवून दिले. शिक्षण खाते हे दिले तेवढे वसूल करण्याच्या हिशेबाने चालवायचे खाते नाही, असे त्यांनी बजावले. त्याच्याही आधी १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे किमान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली होती. आपल्या दोन्ही महापुरुषांना किती मुले दारातून आत आली एवढ्यावर समाधान नव्हते. किती शेवटपर्यंत टिकली, हे त्यांना हवे होते.

हेच माप आज मुंबईच्या शाळांना लावा. पहिलीत किती, सातवीत किती, दहावीच्या परीक्षेला किती? महापालिकेच्या अनेक प्राथमिक शाळा सातवी-आठवीला संपतात. शिक्षण हक्क कायदाही सहा ते चौदा या वयापुरताच आहे. म्हणजे ज्या वळणावर मुलगी घरकामाला आणि मुलगा गॅरेजमध्ये जाण्याची भीती सर्वांत जास्त, नेमके तिथेच शाळाही संपते आणि कायद्याचे संरक्षणही संपते. मधल्या या खड्ड्यात कुणाची लेकरे पडतात, हे वेगळे सांगायला नको. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात गोवंडी, मानखुर्द, देवनारचा एम पूर्व विभाग साऱ्या शहरात तळाला होता. तिथल्या वस्तीत बौद्ध आहेत, मातंग आहेत, मुसलमान आहेत, पोटासाठी आलेले परप्रांतीय आहेत. मतांसाठी ही वस्ती सर्वांना दिसते. दहावीपर्यंतच्या शाळेची गरज मोजताना ती कुणाला दिसत नाही.

मराठी माध्यमाचे वेगळे दुखणे आहे. २०१४-१५ च्या सुमारास साडेतीनशेच्या वर असलेल्या महापालिकेच्या मराठी शाळा दहा वर्षांत अडीचशेच्या घरात आल्या. मराठीच्या नावाने गळे काढणाऱ्यांच्याच राज्यात हे घडले. आम्ही इंग्रजीचे विरोधक नाही. सावित्रीमाईंनी शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकायला सांगितले आणि बाबासाहेबांनी इंग्रजीच्या बळावर जग जिंकले. आपल्या मुलांना इंग्रजी मिळालीच पाहिजे. प्रश्न असा आहे की, जवळची मराठी शाळा बंद झाली आणि महापालिकेच्या नव्या सीबीएसई शाळेत प्रवेशाला सोडत काढली, तर चिठ्ठी न निघालेल्या मुलाने जायचे कुठे? घराची सोडत समजू शकते, हक्काची सोडत निघत नसते.

इथे वकील म्हणून आम्हाला आलेला एक अनुभव सांगतो. जालन्याकडून बांधकामाच्या कामावर आलेली एक भगिनी नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आमच्याकडे आली. शाळेने मुलीला परत पाठवले होते. गावच्या शाळेचा दाखला नाही, जन्माचा दाखला नाही आणि वर्षही अर्धे सरले, अशी तीन कारणे सांगितली होती. बाई म्हणाली, "वकीलसाहेब, कागद करायला किती पैसे लागतील तेवढं सांगा." आम्ही म्हणालो, "ताई, एक पैसाही लागणार नाही." एका साध्या कागदावर अर्ज लिहिला. शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ सांगते की, दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम १४ सांगते की, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम १५ सांगते की, वर्ष सुरू झाल्यावर आले म्हणूनही नाकारता येत नाही. कलम ४ सांगते की, मुलीला वयाला साजेशा वर्गात बसवा आणि मागे राहिलेले शिकवून घ्या. तिसऱ्या दिवशी मुलगी वर्गात बसली. कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. एवढा सोपा कायदा, पण तो त्या मायलेकींपर्यंत पोहोचवायला वस्तीत कुणी नव्हते. त्याच वस्तीत आपले बुद्धविहार आहे, तीन मंडळे आहेत आणि चार गटांचे चार फलक आहेत!

समाजबांधवांनो, संविधानाच्या कलम ४५ ने चौदा वर्षांपर्यंतचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण दहा वर्षांत देण्याचा प्रयत्न करा, असे राज्याला सांगितले होते. दहा वर्षांची पन्नास झाली. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ आले आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्यातली 'सक्ती' मुलावर किंवा आईबापावर नाही, ती सरकारवर आणि महापालिकेवर आहे. कलम ८ आणि ९ वाचा. घराजवळ शाळा देणे, मुलाला दाखल करणे, त्याची हजेरी आणि पूर्ण शिक्षण यांची खात्री करणे, दुर्बल घटकातल्या मुलाला भेदभाव सोसावा लागू नये हे पाहणे, हे सारे शासनाचे कर्तव्य आहे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. इमारत धोकादायक ठरवून मुलांना लांब पाठवले आणि नवी इमारत उठलीच नाही, तर तो केवळ बांधकामाचा विलंब नाही, तो कायद्याचा भंग आहे.

राज्यकर्त्यांची चाल ओळखा. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी विनाअनुदानित शाळांना २५ टक्के राखीव प्रवेशातून सूट दिली. म्हणजे गरिबांनी गरिबांच्या शाळेत जावे आणि श्रीमंतांच्या शाळेचे दार बंद. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल रद्द ठरवला. त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारी शाळा कंपन्यांना आणि दानशूरांना दत्तक देण्याचा शासन निर्णय निघाला होता. आईबाप जिवंत असताना लेकरू दत्तक का द्यायचे? मायबाप सरकारने जबाबदारी झटकायची ठरवली, म्हणूनच ना?

पण केवळ सरकारला शिव्या घालून आपली जबाबदारी संपत नाही. कलम २१ प्रमाणे प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. ही समिती शाळेचा विकास आराखडा करते आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवते. नगरसेवक नसला तरी ही समिती असतेच. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार चालला. शिक्षण समिती नाही, सभागृह नाही, प्रश्न विचारणारा कुणी नाही. अशा काळात शाळेशाळेतली ही समिती पालकांचा आवाज ठरू शकली असती. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ती कागदावर असते, सह्या घरपोच होतात आणि समितीत आपले नाव आहे हे त्या आईला ठाऊकही नसते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीतली एक महापालिका शाळा निवडावी. दत्तक घेण्यासाठी नव्हे, देखरेखीसाठी. समितीत कोण आहे ते विचारावे आणि आपल्या माताभगिनींना त्या बैठकीला पाठवावे. पहिली ते पाचवीत तीस मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीत पस्तीस मुलांमागे एक शिक्षक आहे का, ते मोजावे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर कामांना शिक्षक जुंपले जात असतील तर कलम २७ दाखवावे. तक्रार असेल तर कलम ३२ खाली महापालिकेकडे लेखी द्यावी. तीन महिन्यांत निकाल देणे बंधनकारक आहे, नाही पटला तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील आहे. आणि दरवर्षी एकच आकडा फळ्यावर लिहावा, पहिलीत आलेल्यांपैकी आठवी पार करून नववीत किती गेले?

६ डिसेंबरला आपण रांगेत आठ-आठ तास उभे राहतो. त्या निष्ठेपुढे आम्ही नतमस्तक आहोत. त्यातला महिन्याचा एक तास वस्तीतल्या शाळेला दिला, तर बाबासाहेबांच्या अठरा-ब्याऐंशीच्या हिशेबाला आपण काही उत्तर देऊ शकू. यवतमाळचे ते बाबा पुन्हा भेटतील की नाही, ठाऊक नाही. भेटले तर "अन् तुमची?" या प्रश्नाला निदान एवढे तरी सांगता यावे की, बाबा, तिथली सगळीच लेकरे आमची आहेत आणि आम्ही त्यांची हजेरी घेत आहोत.

जय भीम!